आज मूठ मोठी पडली

मंगळवारी सकाळी सात वाजता वहिनींचा फोन आला. तू गेला होतास. मी चहा गाळत होतो. गॅस बंद केला, चप्पल घातली आणि धुळ्यातल्या देवपूरहून सोनगीरला तुझ्या घरी आलो.

नाना, तुझ्याशी बोलताना आता मला कोणी मध्येच तोडणार नाही, याची सवय होत नाही. साठ वर्षांत थोरला भाऊ म्हणून तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. मी 'मला असं वाटतं की' म्हणायला सुरुवात केली की तू 'वाटू दे' म्हणून मोकळा व्हायचास. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी तुझ्या तोंडी मी 'मास्तर'च. एसटीची गाडी घाटातून उतरवणारा माणूस खरं काम करतो आणि बाकीचे बसून असतात, हे तुझं मत निवृत्तीनंतरही बदललं नाही.

गेले पाच महिने आपण बोलत नव्हतो. त्या पाच महिन्यांत मी तुझ्यासाठी एक उत्तर तयार केलं होतं. मुद्देसूद, उदाहरणांसह. संक्रांतीला येऊन ते ऐकवायचं ठरवलं होतं. तू आठ दिवस आधी निघून गेलास. याही वेळी वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस.

भांडण कशावरून झालं हे तेराव्याला आलेल्यांना सांगताना मी अडखळत होतो. सुरुवात ग्रीक लोकांच्या लग्नाच्या सिनेमांपासून झाली होती, हे कोणाला कसं सांगायचं?

सिनेमे मीच लावले, हे कबूल करतो. गेल्याच्या आधीच्या वर्षी दिवाळी उलटून महिना झाला असेल. माझ्या लेकीने, मुक्ताने, मेलबर्नहून फोन करून मला सांगितलं की ती पेत्रोसशी लग्न करणार आहे. पेत्रोसची आजी ग्रीसमधल्या एका खेड्यातून पोट भरायला ऑस्ट्रेलियाला गेलेली, लेकराला घेऊन. ते लेकरू म्हणजे पेत्रोसचे वडील. मला मुलीच्या निर्णयाची भीती वाटली नाही. मला तुझी भीती वाटली. मुक्ताची आई असती तर तिने तुला भाजी वाढता वाढता सांगून टाकलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मला भाजीही वाढता येत नाही आणि सांगताही येत नाही.

नेमकं त्याच वेळी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायामाच्या सोयीसाठी तू तीन आठवडे माझ्याकडे राहायला आलास. मी विचार केला, वर्गात अवघड कविता शिकवण्याआधी आपण एखादा सोपा उतारा वाचून घेतो, तसंच करावं. परदेशात स्थायिक झालेली ग्रीक घरं, त्यातली मुलगी किंवा मुलगा परक्यांत लग्न करतो, आरडाओरडा होतो, शेवटी सगळे नाचतात, अशा विनोदी सिनेमांचा ढीगच्या ढीग हिंदीत मिळतो, हे मला तेव्हा कळलं. मी यादी केली. रोज दुपारी जेवण झालं की एक.

पहिल्याच सिनेमात लग्नाची बातमी फुटते आणि तीन गाड्या भरून नातेवाईक दारात उतरतात. तू उशीवरून ताठ उठून बसलास.

"मास्तर, हाऊ तं बठ्ठा आपलाच भाऊबंद शे!"

"नाना, ते ग्रीक आहेत."

"ग्रीक ऱ्हावोत नही तं शेजारना कापडण्याना ऱ्हावोत. त्या मावशीले देख. घरमा पाय ठेवताच भांडाना झाकन उघाडी राहिनी."

मला वाटलं, औषध लागू पडतंय. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की तू मुलीच्या बाजूचा नाहीस. तू बापाच्या बाजूचा होतास. प्रत्येक सिनेमात बाप ओरडायला लागला की तू मान हलवायचास.

"बाप बराबर बोली राहिना."

"तो चुकतोय नाना. आयुष्य मुलीचं आहे."

"आयुष्य तिन्हं शे. पन लगन तं घरनं शे ना?"

सिनेमा थांबवून तू मला पाहुणे मोजायला लावायचास. नाच मागे नेऊन पुन्हा पाहायचास. एका सिनेमात आनंदाच्या भरात लोक ताटल्या फोडतात, तर तू अर्धा तास अस्वस्थ. "पितयना का वापरत नहीत?" तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या सोनगीरच्या माणसाला भांडं फुटू शकतं हीच गोष्ट पटत नाही. मी चिडून म्हणालो की हे सगळे सिनेमे खोटे आहेत. पहिल्या भागात गर्जना करणारा बाप शेवटच्या वीस मिनिटांत नाचतो, आणि मधे त्याचं काय झालं हे कोणी दाखवत नाही. पुस्तकात माणूस बदलायला आयुष्य लागतं. तू रिमोट माझ्या हातातून घेतलास.

"पुस्तकले टाईम ऱ्हास. सिनेमाले दोनच तास शेतस."

आणि एवढं बोलून त्या शेवटच्या वीस मिनिटांत तू डोळे पुसायचास. विचारलं की, "डोयामा कचरा गया." तीन आठवड्यांत तुझ्या डोळ्यांत अकरा वेळा कचरा गेला. माझं घर इतकं अस्वच्छ नाही.

एकोणिसाव्या दिवशी मी सांगितलं. चार पानांचं भाषण मनात तयार होतं. भरीत-भाकरी तुझ्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "नाना, मुक्ताचं लग्न ठरलंय. मुलगा ग्रीक आहे."

तू घास खाली ठेवलास. पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"खरा ग्रीक?"

"खरा."

"पोटभर जेवस का?"

"ते मला माहीत नाही."

"तू बाप शे का कोन? एवढं नही इचारं?"

मुलाचं जेवण न विचारल्याबद्दल तू मला रात्रीच्या जेवणापर्यंत रागावत होतास. भाषणाची चारही पानं फुकट गेली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तुझा भयंकर रागही आला.

लग्न माघात झालं. मी देवपुरात एक लहानसं सभागृह घेतलं, चाळीस माणसं धरली. पेत्रोस, त्याचे आईवडील आणि बहीण असे चौघे येणार होते. तू सोनगीरहून दोन टेम्पो भरून माणसं आणलीस. मी दारातच तुला अडवलं.

"नाना, चाळीस म्हणालो होतो!"

"ग्रीक लोकस्ले गर्दी लागस. मी काय सिनेमा देखात नहीत?"

ते चौघे कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर एकमेकांना चिकटून बसले होते. पेत्रोसचे वडील म्हणजे सडपातळ, चष्म्याचे, आयुष्यभर एका शाळेत गणित शिकवलेले गृहस्थ. दोन दिवसांत त्यांच्या तोंडून दहा वाक्यं आली नसतील. त्यांना पाहून तू माझ्या कानाशी पुटपुटलास, "हाऊ ग्रीक शे? हाऊ तं तुन्हासारखा शे." तुझी केवढी निराशा झाली होती! त्या लग्नात सिनेमातला ग्रीक एकच होता, आणि तो सोनगीरचा होता.

तेवढ्यावर थांबला असतास तर बरं झालं असतं. पण तू धुळ्याच्या बाजारातून चिनी मातीच्या दोन डझन बशा आणल्या होत्यास. अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या, आणि तू खोक्यातून एक बशी काढून व्याह्यांच्या पायाशी आपटलीस. वहिनी ओरडल्या, "आवो, लगनमा काय फोडी राहिनात!" आपल्याकडे मडकं कधी फुटतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. तू दुसरी बशी उचलली होतीस आणि सगळ्यांकडे असा पाहत होतास की यांना काहीच कसं कळत नाही.

पेत्रोसचे वडील खाली वाकले आणि त्यांनी सगळ्यात मोठा तुकडा उचलला. हळू आवाजात काही बोलले. मुक्ताने ते मराठीत सांगितलं. त्यांची आई परदेशात आल्यावर वीस वर्षं एका खानावळीत दुसऱ्यांच्या ताटल्या धूत होती. एखादी फुटली तर त्या दिवशी ती घरी आल्यावर जेवायची नाही. आमच्या घरात ताटली फोडत नाहीत, ते म्हणाले. सिनेमात फोडतात, ते मीही पाहिलं आहे.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तू मात्र नव्या गुडघ्यासकट खाली बसलास. डॉक्टरांनी ज्या पद्धतीने बसायला सक्त मनाई केली होती, नेमका तसाच. त्यांच्यासमोर बसून तू तुकडे गोळा करायला लागलास आणि मुक्ताला म्हणालास, "त्यास्ले सांग, मन्ही माय बी लोकस्ना भांडा घासे."

नाना, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मुक्ताला नाही, तिच्या आईलाही नाही. आई दोन घरची भांडी घासायची आणि तू एसटीत लागेपर्यंत माझी फी त्यातून जायची, हे आपल्या दोघांतच राहील असं मी गृहीत धरलं होतं. तू ते दोन टेम्पो माणसांसमोर, बशीचे तुकडे हातात धरून सांगितलंस. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते इंग्रजीत सांगितलं. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या डोळ्यांत बहुधा कचरा गेला असावा.

त्यानंतर ते तुझ्या शेजारी बसून वरण-बट्टी जेवले. त्यांनी तिसरी बट्टी मागितली तेव्हा तू सबंध सभागृहाकडे पाहून माझ्या दिशेने बोट केलंस. पोटभर जेवणं घराण्यात आहे, हे मला कळावं म्हणून.

इथपर्यंत ठीक होतं. मग श्रावण आला.

आपल्या घरातली कानबाईची रीत तुला सांगायची गरज नाही, पण मी हे लिहून काढतोय ते मुक्ताही वाचणार आहे, म्हणून मांडतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घरातला वडीलधारा पुरुष आपल्या मुठीने गहू मोजतो. घरातल्या दर माणशी सव्वा मूठ. त्या गव्हाचे रोट होतात, आणि ते फक्त घरच्यांनी खायचे, बाहेर एक तुकडाही द्यायचा नाही, संपेपर्यंत खायचे. सून आली की सव्वा मूठ वाढते. लेक सासरी गेली की तिची सव्वा मूठ कमी होते.

आपल्या घरात त्या वर्षी मुक्ता सोडून अकरा माणसं होती.

मी रविवारी सकाळी आलो तेव्हा ओसरीवर चुलतभाऊ जमले होते. मी सगळ्यांसमोर विषय काढला. तेही वर्गात काढावा तसा. म्हणालो, ज्या पोरीचं लग्न आपण एवढ्या थाटात केलं, तिचा आणि जावयाचा रोट या घरात का असू नये? रीत माणसांनी केली, माणसांनी बदलावी. तू तोरण बांधत होतास. मागे न वळता लेकीबद्दल म्हणालास, "आंडेर परघर गयी म्हंजे गयी."

"मग सिनेमा पाहून रडत काय होतास अकरा वेळा?"

"तो सिनेमा शे. कानबाई सिनेमा नही."

"शेवटी तो बापही बदलतो नाना!"

"त्यान्हा घर कानबाई ऱ्हाती तं मीबी देखतू कसा बदलस तो."

चुलतभाऊ हसले. मी काय करावं? मी माझ्या वाट्याचा रोट न खाता निघून आलो. वहिनी दारापर्यंत मागे आल्या. कानबाईच्या घरातून आपला रोट न खाता उठून जाणारा माणूस आपल्या घरात माझ्याआधी कोणी झाला नसेल. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. एसटीत बसल्यावर सोनगीरचा किल्ला मागे जाईपर्यंत मी स्वतःवर खूष होतो.

नंतर दिवाळी झाली. तू आला नाहीस, मी आलो नाही. थंडी पडायला लागल्यावर एका दुपारी तुझा निरोप आला, मोबाईलवर, तोंडाने बोलून लिहिलेला: "नवा ग्रीक सिनेमा उना. देखा का?" मी तो वाचला. मी वाचल्याची खूण तुला दिसली असणार. मी उत्तर लिहायला घेतलं. आधी श्रावणातल्या मुद्द्याचा निकाल लागू दे, मग सिनेमाचं पाहू, असं काहीसं लिहीत होतो. ते मला नीट साधलं नाही, म्हणून पाठवलं नाही. 'नाही देखा' एवढे दोन शब्द पुरले असते. माझ्या फोनमध्ये तो निरोप अजून सगळ्यात वर आहे, कारण मला फारसे निरोप येत नाहीत.

तेराव्याला संध्याकाळी पाहुणे गेल्यावर वहिनींनी मला चहा दिला. बशी चिनी मातीची होती. त्या दोन डझनांतली. तेवीस उरल्या आहेत, त्या म्हणाल्या, एकही फुटू दिलेली नाही. मग पदराने हात पुसत माझ्यासमोर बसल्या.

"बापू, तुम्हले एक सांगू? कानबाईले पीठ जास्त व्हतं."

मला कळलं नाही.

"मी इतला वरीस पीठ मळस. अकरा मानसना पीठ मन्हा हातले समजस. मी इचारं, हाई जास्त कसं? तं म्हने, आज मूठ मोठी पडनी."

तू दोन माणसांचे गहू जास्त घातले होतेस. रविवारच्या आधी, मी भांडायला येण्याच्याही आधी. मी ओसरीवर उभा राहून तुला रीत बदलायला सांगत होतो तेव्हा मुक्ताचा आणि पेत्रोसचा रोट आत परातीत होता. आणि तू तोरण बांधत होतास!

"मंग चार दिन बसीसन खात राहिना," वहिनी म्हणाल्या. "कोनले हात लावू दिधा नही. हाऊ मुक्ताना, म्हने. हाऊ ग्रीकना. हाऊ मास्तरना, सोडी गया, त्यान्हा बी मालेच खाना पडी. साखर वाढनी तं डाक्टरले सांगं, दोन केया खाद्यात."

डॉक्टरांपुढे केळ्यांचं नाव केलंस आणि माझाही खाल्लास. मी टाकून गेलेला. शिव्या देत खाल्ला असशील, पण बाहेर जाऊ दिला नाहीस.

त्याच रात्री मुक्ताचा फोन आला. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, अजून एक आहे. नानांना पेत्रोसचं मी दिवाळीतच सांगितलं होतं. तुमच्या आधी. ते म्हणाले होते, तुझ्या बापाला सांगू नको मला माहीत आहे म्हणून. तो काय करतो ते पाहू."

म्हणजे तीन आठवडे. रोज एक सिनेमा. मी रोज दुपारी हिंमत गोळा करत, तुझ्या चेहऱ्यावर परिणाम शोधत बसलेलो, आणि तुला सगळं माहीत होतं. तू भाकरी खात माझीच गंमत पाहत होतास. बापाची बाजूही मुद्दाम घेत असशील. नाना, हे शोभतं का? मी तुझ्यावर इतका कधी चिडलो नव्हतो, आणि चिडून फोन करायला आता तू नाहीस. भाऊबंदांसमोर रीत मोडली असती तर वाद पेटला असता, म्हणून तू गुपचूप केलंस, एवढं मला कळतं. पण मला डोळ्याने खूण करायला काय हरकत होती? मी ती ओळखली नसती, हेही खरं आहे. मी बोलत होतो.

पाच महिने जपलेलं उत्तर मी पुन्हा वाचून पाहिलं. त्यात आठ मुद्दे आहेत. आठही बरोबर आहेत आणि आता एकाचाही उपयोग नाही. या सिनेमांत बाप कधी बदलतो ते दाखवत नाहीत, असं मी तुला म्हणालो होतो. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो आणि मलाही ते दिसलं नाही.

आपल्या घरात आता वडीलधारा पुरुष मी आहे. येत्या श्रावणात गहू मला मोजायचे आहेत. माझी मूठ तुझ्या मुठीच्या निम्मी आहे, त्यामुळे आज मूठ मोठी पडली असं मी म्हणालो तर कोणी विश्वास ठेवणार नाही. घरात दहा माणसं उरली आहेत. मुक्ता आणि पेत्रोस धरून बारा. चुलतभाऊ ओसरीवर असतील. बाराही जणांची सव्वा-सव्वा मूठ मी मोठ्याने मोजणार आहे.